स्क्रीन नंतर काढा, आधी माणूस बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राऊंड सुरू झाले की तुमच्या पेपरात रोज कटऑफच्या, रिकाम्या राहिलेल्या सीटच्या बातम्या येतात, त्या मी वाचतेच, पण अ‍ॅडमिशन झाल्यावर आत वर्गात पोरं शिकतात कशी याच्यावर कुणी फारसं लिहीत नाही म्हणून आज मीच लिहायला बसले. मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला शिकवते आणि ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन, पोरांच्या भाषेत एचसीआय, हा विषय बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माणूस मशीन कसं वापरतो, कुठं अडतो, कुठं चुकतो आणि ते त्याच्यासाठी सोपं कसं करायचं, याचा हा विषय. आणि याच विषयात आख्ख्या सेमिस्टरमध्ये एकाही माणसाला न भेटता, न बघता पोरं चांगल्या मार्कांनी पास होतात, हे मला फार सलतं.

होतं काय, की स्क्रीन वापरायला सोपी कशी करावी याचे श्नायडरमन या संशोधकाचे आठ नियम पाठ, नील्सन या दुसऱ्या संशोधकाचे दहा मुद्दे पाठ, पेपरात तेच लिहायचं. प्रॅक्टिकलची यादी ठरलेली, लॉगिन पेज करा, शॉपिंग साईटचं होमपेज करा, दोन वेबसाईटची तुलना करा, आणि सिनिअरची फाईल मिळाली की सबमिशन एका रात्रीत. आता तर एआयला सांगितलं की फिग्मा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये केल्यासारखी चकचकीत स्क्रीन दोन मिनिटांत तयार होते. म्हणजे स्क्रीन काढता येणं याला आता वेगळं मोल राहिलेलंच नाही. ती कुणासाठी काढायची आणि त्या माणसाची अडचण नेमकी काय आहे, हे शोधून काढणं तेवढं आपल्या हातात राहिलंय आणि नेमकं तेच आपण शिकवत नाही.

म्हणून मी काही वर्षांपासून माझ्यापुरता एक नियम केला. पहिला महिना कुणी स्क्रीन काढायची नाही. चार-चार जणांचे ग्रुप, प्रत्येक ग्रुपनं गावात एक जागा निवडायची, तिथं उभं राहायचं, बघायचं, वहीत लिहायचं आणि तिथून एक प्रश्न घेऊन यायचं. प्रश्न त्यांचा पाहिजे, मी दिलेला नको.

एका ग्रुपनं बँकेतलं पासबुक छापायचं मशीन घेतलं. मॅनेजर आधी नाहीच म्हणाले, मग मी स्वतः जाऊन बोलले तेव्हा रोज तासभर उभं राहायची परवानगी मिळाली, फोटो काढायचे नाहीत, कुणाचा बॅलन्स बघायचा नाही या अटीवर, आणि त्या अटी बरोबरच होत्या. पोरं मनात उत्तर घेऊनच गेली होती, की लोकांना इंग्रजी येत नाही म्हणून मशीन वापरता येत नाही, मराठीचं बटण मोठं केलं की झालं. पहिल्या दिवसाच्या वहीत तेच लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी एका पोरीनं लिहिलं की लोक स्क्रीनकडे बघतच नाहीत, ते वॉचमनकाकांकडे बघतात. येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पासबुक सरळ काकांच्या हातात देत होता आणि काका ते मशीनमध्ये सरकवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न बदलला. मशीन मराठीत कसं करायचं हा प्रश्न गेला आणि नवा प्रश्न आला, की वॉचमनकाकांना असं काय माहितीय जे मशीन लोकांना सांगू शकत नाही?

मग ती पोरगी फक्त काकांचे हात बघत उभी राहिली. काका पासबुक घेतात, आधी शेवटचं छापलेलं पान अंगठ्यानं उघडतात आणि मग, हे मला स्वतःला कधीच सुचलं नसतं, ते पासबुक टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करतात. कारण बायका पासबुक बटव्यात दुमडून ठेवतात, बाप्ये शर्टाच्या खिशात कोंबतात, त्याला मधोमध घडी पडलेली असते आणि घडीचं पासबुक मशीन परत बाहेर टाकतं. माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आपल्याला जमत नाही, आणि तो पुढच्या वेळेपासून हातच लावत नाही. आता सांगा, वर्गात बसून कितीही नियम पाठ केले तरी ही घडी कुणाला दिसली असती का?

पोरांनी उपाय काय केला, तर मशीनच्या तोंडापाशी लावायला एक चित्रांची पट्टी, पान उघडा, सपाट करा, असं धरा, एवढंच. आधी पुठ्ठ्याचं खोटं मशीन करून आपल्याच आईवडलांवर, आजीवर ट्राय केली, दुसऱ्या चित्रातला हात कुणालाच कळेना म्हणून तो नव्यानं काढला. बँकेत नेल्यावर काहींनी पट्टी बघून स्वतः पासबुक घातलं आणि बरेच जण तरीही काकांकडेच गेले. का, तर एक आजी म्हणाल्या, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला होतं. पोरांनी ते जसंच्या तसं रिपोर्टात लिहिलं, लपवलं नाही. मला त्या रिपोर्टाचा आजही अभिमान वाटतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न विचारला, कोड कुठाय? आणि कोड नाही म्हणून मार्क कापले. ती पोरगी बाहेर येऊन रडली, तिला काय सांगावं मला कळेना.

दुसरा एक ग्रुप गावातल्या दूध संकलन केंद्रावर पहाटे साडेपाचला जायचा. त्यांना दुधाचं अ‍ॅप करायचं होतं, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), रेट सगळं मोबाईलवर. तिथं कळलं की दूध घालायला बऱ्याचदा घरातलं लहान पोर येतं, फोन असतो बापाकडे, हिशोब बघते आई, आणि ती बघते दहा दिवसांचं बिल आलं की. तोवर मशीनच्या चिठ्ठ्या चुलीवरच्या फळीवर ठेवलेल्या असतात आणि तो थर्मल कागद उष्णतेनं काळा पडतो. जुळवायची वेळ येते तेव्हा चिठ्ठी वाचताच येत नाही. अ‍ॅपचा विचार तिथंच थांबला आणि चिठ्ठीवर काय छापावं, ती घरात कशी टिकावी यावर काम झालं.

असं केलं तर थिअरी मागं पडते अशी शंका सहकारी घेतात, ती रास्त आहे. पण थिअरीसुद्धा शोधूनच शिकता येते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये माणसांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीनं काडी टेकवायला लावून वेळ मोजला होता. आम्ही तेच कागदावर करतो, लहान-मोठे चौकोन, जवळ-लांब, हातात पेन आणि मोबाईलचा स्टॉपवॉच. पोरं आपल्याच आकड्यांचा ग्राफ काढतात आणि मग मी फळ्यावर सूत्र लिहिते. मग बटण लहान आणि लांब असलं की वेळ का लागतो ते त्यांना घोकावं लागत नाही.

एक मात्र कबूल करते, पहिल्या वर्षी मी पोरांना एकदम मोकळं सोडलं आणि निम्मे ग्रुप भरकटले. शोधू द्यायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही. आता दर आठवड्याला प्रत्येक ग्रुपची वही मी पंधरा मिनिटं त्यांच्यासमोर बसून वाचते, आणि साठ पोरांचे पंधरा ग्रुप एका माणसानं बघायचे म्हणजे दमछाक होते हे खरं आहे, त्याला दोन शिक्षक लागतात.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागामध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या टीमनं केलेला मोबाईलवर मराठी लिहायचा स्वरचक्र कीबोर्ड मी वर्गात दाखवते. अक्षर दाबलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते. मराठी लिहिणारा माणूस अक्षराचा विचार कसा करतो हे कुणीतरी आधी नीट विचारलं म्हणून ते झालं. अशी कामं फक्त आयआयटीतच व्हावीत असं थोडंच आहे, तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांना तर माणसं जास्त जवळून बघायला मिळतात.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझं एवढंच मागणं आहे की या विषयाची ठरलेली प्रॅक्टिकलची यादी काढून सेमिस्टरभराचं एकच शोधप्रकल्पाचं काम ठेवा, मार्क वहीला आणि प्रश्नाला द्या, फसलेला उपाय प्रामाणिकपणे लिहिला तर त्यालाही द्या, आणि व्हायवाला येणाऱ्या परीक्षकांना तशा सूचना लेखी द्या. तुमच्या पेपरातून हे तिथपर्यंत पोचावं म्हणून हा खटाटोप.

यंदा एक ग्रुप एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहायचं म्हणतोय. डेपोत द्यायचा परवानगीचा अर्ज कालच टाईप करून ठेवलाय.

आपली,
एक प्राध्यापिका, जि. सांगली