पालकसभेत पालकांविषयी कधी बोलणार?

मा. संपादक,
स. न.

शाळेच्या पालकसभेला मी गेली आठ वर्षे जातो. गुण, गैरहजेरी, मोबाइल यावर चर्चा होते, आम्ही माना डोलावतो आणि घरी येऊन त्याच प्रगतिपत्रकावरून पोराला फैलावर घेतो. आमच्या स्वभावाविषयी तिथे कोणी चकार शब्द काढत नाही.

गेल्या वर्षी नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हिंगण्याच्या एमआयडीसीतून पाळी करून घरी आलो, तर कूलर बंद आणि मुलगा दोन आठवडे क्लासला गेलाच नाही अशी बातमी. दहावीचा क्लास, फी आगाऊ भरलेली. मी त्याचा मोबाइल भिंतीवर फेकला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. ताट घेऊन खोलीत जायचा, निरोप आईमार्फत. शेवटी एका रात्री गच्चीवर त्याला म्हटले, ‘माझं चुकलं, मोबाइल फेकायला नको होता.’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पप्पा, क्लासमधलं मले काहीच समजत नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही ओरडलेच असते.’

खोटेपणा म्हणून मी ज्याच्यावर भडकलो होतो, ती त्याला वाटणारी माझीच भीती होती.

डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकातच पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या: हुकूम सोडणारे, मोकाट सोडणारे आणि शिस्त लावतानाही मुलाचे ऐकून घेणारे. मुलाकडे लक्षच न देणाऱ्यांची चौथी तऱ्हा पुढे इतरांनी जोडली. तिसऱ्या तऱ्हेच्या घरातली मुले साधारणपणे जास्त आत्मविश्वासाची निघतात, असे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसले. आमच्या घरात मात्र एकाच आठवड्यात चारही तऱ्हा नांदतात. सोमवारी हुकूमशाही, शनिवारी मन खाते म्हणून नवे बूट! आज बाप कोणत्या अवतारात येणार, हेच पोराला कळत नसेल, तर ते मन मोकळे करणार कसे? रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो म्हणे. म्हणजे पोराच्या चिडण्याला निदान कारण तरी आहे. पंचेचाळिशीत माझ्याकडे कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. आपण मात्र मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आजही बिनदिक्कत ‘पागलखाना चौक’ म्हणतो. मग समुपदेशकाकडे जायला पोरगा बिचकणारच. बापाचे तर विचारूच नका. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. प्रत्येक शाळेच्या फलकावर तो लिहायला काय हरकत आहे?

शाळांना विनंती एवढीच, की वर्षातली एक पालकसभा गुणपत्रिका बाजूला ठेवून घ्यावी. समुपदेशकाला बोलवावे आणि राग आल्यावर घरात काय करायचे, हे आम्हा मोठ्यांना शिकवावे. आणि ती सभा शनिवारी सकाळी अकराला नको, रविवारी ठेवावी. एरवी बरेचसे बाप कामावर असतात आणि ऐकून घ्यायला एकट्या आया येतात.

– एक पालक, मानेवाडा, नागपूर