दिवा विझला, पण पिन बसली का?

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मी बडोद्याहून दिल्लीला निघालो होतो. प्रवासी बसले, दारे लागली आणि विमान हरणी विमानतळावर जागच्या जागी उभे राहिले. सामानाच्या मागच्या दाराचा दिवा कॉकपिटमध्ये अजून पेटलेलाच आहे, म्हणजे दार पक्के लागल्याची खात्री नाही, असे वैमानिकाने सांगितले. माझी जागा उजव्या खिडकीची होती. खाली एक मेकॅनिक बॅटरी दातांत धरून दाराची कड फडक्याने पुसत होता. त्याने दार उघडले, लावले, पुन्हा उघडले. पाऊण तास गेला. "दार लागलेलं दिसतंय की, काढा आता विमान," असे मागून कोणी ओरडले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. पुढे समाजमाध्यमांवरही या खोळंब्याबद्दल बराच संताप वाचला. तो वाचूनच हे पत्र लिहायला बसलो आहे. मला त्या मेकॅनिकचे आभार मानायचे आहेत.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे इलेक्ट्रिशियन होतो. आम्ही ज्याला 'प्रॉक्सी' म्हणायचो तोच प्रॉक्झिमिटी सेन्सर आज विमानांच्या दारांवर असतो. बोटाएवढी नळी, तिच्या तोंडाशी तारेचे वेटोळे. काही मिलिमीटरवर धातू आला की वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि सेन्सर सिग्नल देतो. कशाला टेकायचे नाही, घासायचे नाही, म्हणून दार टेकल्यावर दाबला जाणाऱ्या जुन्या लिमिट स्विचपेक्षा तो खूप टिकतो. पण त्याला कळते ते एवढेच, की समोर धातू आहे. तो धातू कशाचा, हे ठरवणार माणूस.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात रात्रपाळीला प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, एका पोराची दोन बोटे गेली. मी धावत गेलो तेव्हा पॅनेलवर गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेले झाकण, बंद असल्याचा हिरवा दिवा लागलेला होता आणि गार्ड सताड उघडा. प्रॉक्सीच्या तोंडावर काळ्या टेपने एक वॉशर चिकटवलेला होता. दर वेळी गार्ड उघडा-लावायला वेळ जातो, उत्पादन कमी पडते, म्हणून कोणीतरी केलेली सोय. आपल्या बडोद्यात सगळ्यांच्या तोंडी असलेले ते 'चालशे'. सेन्सरने त्याचे काम चोख केले होते. समोर धातू होता.

विमानाच्या बाबतीत याची किंमत किती मोठी असते हे 3 मार्च 1974 रोजी कळले. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून उडालेल्या तुर्की कंपनीच्या डीसी-10 चे सामानाचे मागचे दार आकाशात उघडून निखळले. वरच्या केबिनची जमीन खचली, तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या आणि 346 माणसे गेली. दार लावणाऱ्या कामगाराने हँडल खाली ओढले होते, ते बसलेही. कॉकपिटमधला दिवा विझला. पण आतल्या कड्या पुरत्या अडकल्या नव्हत्या, आणि दिव्याच्या स्विचचे सेटिंगच चुकलेले होते. जून 1972 मध्ये कॅनडातल्या विंडसरजवळ अशाच विमानाचे असेच दार उडाले होते. तेव्हा सगळे वाचले. त्यानंतर कड्यांना अडसर घालणाऱ्या पिनी डोळ्यांनी पाहता याव्यात म्हणून दाराला छोटी काच बसवली गेली. तिच्याशेजारची सूचना मात्र इंग्रजी आणि तुर्कीत होती, आणि दार लावणाऱ्याला त्या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या.

या वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो.

दाराच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत: दार लागणे, कडी अडकणे आणि ती कडी परत सुटू नये म्हणून तिला अडसर बसणे. तिन्ही झाल्या नसतील तर कॉकपिटमध्ये कळले पाहिजे, आणि केबिनमध्ये धोकादायक दाब चढूच नये अशी रचना हवी, असे आजचे नियम सांगतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोहून जास्त दाब आतून बाहेर रेटत असतो. माणसांच्या साध्या दारावर हा भार कित्येक टन भरतो. बरीचशी प्रवासी दारे आतून बुचासारखी बसतात, म्हणून हा दाब त्यांना उलट घट्ट करतो. बाहेर उघडणाऱ्या सामानाच्या दाराला ती सोय नाही. तिथे सगळा भरवसा कडीवर. म्हणून सेन्सरने हँडलकडे किंवा दाराच्या पत्र्याकडे पाहून भागत नाही, त्याने अडसराची पिनच पाहिली पाहिजे.

जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत 737 मॅक्स 9 विमानातून दाराच्या जागी बसवलेला तुकडाच उडाला. त्याचे चार बोल्ट कारखान्यातच बसवायचे राहून गेले होते. तिथे कोणता सेन्सर ओरडणार?

हे मी बडोद्याच्या वाचकांना मुद्दाम सांगतो आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या शहरात सी-295 विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हवाई दलासाठीच्या 56 पैकी 40 विमाने इथे जुळायची आहेत, आणि त्या विमानाला शेपटीखाली उघडणारा भला मोठा रॅम्प आहे. आपल्या वाडीतली, रावपुऱ्यातली, दांडिया बाजारातली पोरे तिथे फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून लागतील. सेन्सर आणि धातू यांतले अंतर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, कसे मोजायचे, दिवा विझल्यावरही पिन डोळ्यांनी का पाहायची, हे त्यांना आयटीआयमध्येच हाताने करायला मिळावे. आणि दारांवरच्या सूचना माल चढवणाऱ्याला वाचता येतील अशा भाषेत, चित्रांसह असाव्यात. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

तो वॉशर टेपसकट मी अजून जपून ठेवला आहे. शहरातल्या कोणत्याही आयटीआयने बोलावले तर तो घेऊन यायला मी तयार आहे. मानधन नको, वर्कशॉपमध्ये एक तास द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त इलेक्ट्रिशियन
दांडिया बाजार, बडोदे