केंद्रयोगाचा बाऊ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील राशिभविष्यात केंद्रयोग आणि प्रतियोग या ग्रहांमधल्या ठरावीक अंतरांच्या योगांचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक वेळी ‘घातक’ किंवा ‘अनिष्ट’ या विशेषणासह येतो. गेली अनेक वर्षे मी हौसेने पत्रिका पाहते, त्याचे पैसे घेत नाही. आणि या शब्दांनी घराघरांत काय होते ते जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या भाचीची पत्रिका स्थळाकडून परत आली तेव्हा वृषभेतला शनी आणि सिंहेतला मंगळ यांच्याभोवती लाल शाईने गोल काढलेले होते आणि शेजारी ‘केंद्रयोग, संसारास घातक’ असा शेरा होता. चर्नी रोडहून मुलुंडला घरी येईपर्यंत ती पोर एक शब्द बोलली नाही.

दोन ग्रहांत 90 अंशांचे अंतर असले की केंद्रयोग आणि 180 अंशांचे असले की प्रतियोग. दीप्तांशांइतके, म्हणजे ठरवून दिलेल्या सवलतीच्या अंशांइतके, मागेपुढे चालते. अशा अंशात्मक योगांवर भर देणारी पद्धत पाश्चात्त्य ज्योतिषातली असून, दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीनेही हे दोन योग विसंवादी मानले आहेत. आपली पराशरी दृष्टी, म्हणजे पराशर ऋषींच्या परंपरेत ग्रहाची नजर कितव्या राशीवर पडते ते, मात्र ग्रहाची स्वतःची रास पहिली धरून राशी मोजून पाहतात: सातवी सर्वच ग्रहांची, त्याखेरीज मंगळाची चौथी व आठवी, शनीची तिसरी व दहावी. भाचीच्या पत्रिकेत मंगळापासून शनी दहावा आणि शनीपासून मंगळ चौथा, म्हणजे आपल्या पद्धतीने हे दोन ग्रह एकमेकांना पाहतच नाहीत. गुणमेलन आपल्या पद्धतीने करायचे आणि दोष मात्र दुसऱ्या पद्धतीचा काढायचा, हा त्या मुलीवर अन्याय होता.

पाश्चात्त्य पद्धतीनेच पाहायचे म्हटले तरी ‘घातक’ हा अर्थ निघत नाही. सिंह अग्नितत्त्वाची, वृषभ पृथ्वीतत्त्वाची, आणि दोन्ही स्थिर राशी. तत्त्वे जुळत नाहीत आणि हट्ट मात्र सारखाच. मंगळ ‘आत्ताच’ म्हणतो, शनी ‘थांब’ म्हणतो. या योगाची माणसे उशिरा यश मिळवतात, चिडतात, पण हाती घेतलेले काम सहसा अर्धवट टाकत नाहीत, असे माझ्या पाहण्यात आले आहे. प्रतियोगात हीच ओढाताण बहुधा जोडीदार, भागीदार अशा समोरच्या माणसाच्या रूपाने अनुभवाला येते. प्रतियोगातल्या दोन्ही ग्रहांशी तिसरा ग्रह केंद्रयोग करू लागला की टी-स्क्वेअर होतो. तिथे सारा ताण त्या तिसऱ्या ग्रहावर येतो, म्हणून मी आधी त्याची रास आणि स्थान पाहते, कारण त्या माणसाचे कष्ट आणि कर्तृत्व दोन्ही बहुधा तिथेच सापडतात.

शिवाय अंतर तेवढे वाईट म्हणावे, तर सूर्य-चंद्राचा प्रतियोग म्हणजे पौर्णिमा आणि त्यांचा केंद्रयोग म्हणजे अष्टमी. गुरुपौर्णिमा आणि गोकुळाष्टमी आपण भक्तीने साजऱ्या करतो. चंद्रापासून चौथ्या, सातव्या वा दहाव्या स्थानी गुरू असला, तर त्याच अंतराला आपण गजकेसरी म्हणून गौरवतो. षडाष्टकाचे, म्हणजे एकमेकींपासून सहाव्या-आठव्या पडणाऱ्या राशींच्या जोडीचेही, असेच आहे. बोलीभाषेत या शब्दाचा अर्थ हाडवैर असा झाला असला, तरी मेष-वृश्चिक किंवा वृषभ-तूळ यांचे राशिस्वामी एकच असल्याने शास्त्राने त्याला प्रीतिषडाष्टक म्हटले आहे. पण हा भेद मुलीच्या आईवडिलांना कोणी समजावून सांगत नाही.

आपल्या स्तंभलेखकांना माझी कळकळीची विनंती आहे की, योग सांगताना तो कोणत्या पद्धतीचा आहे आणि किती अंशांचा आहे हे एका ओळीत लिहावे. तसेच गोचर, म्हणजे सध्या आकाशात फिरणाऱ्या, ग्रहांचे योग त्या आठवड्यात सगळ्यांसाठी सारखेच असतात हेही नमूद करावे. ‘घातक’ हा शब्द विवाह आणि संतती यांच्या संदर्भात तरी पूर्णपणे टाळावा.

आपली नम्र,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई