तानपुरा, आवाज, हेडफोन: कोणाची वाट कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण आणि ऑनलाइन गाण्याच्या शिकवण्या यांविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक व हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी) कोणते घ्यावेत हे त्यात नीट सांगितले आहे. मात्र ते घरी आणल्यावर जो प्रश्न हमखास येतो तो राहून गेला: कोणता आवाज कुठून निघतो आणि कुठे जातो? ‘माझा आवाज दोनदा ऐकू येतो’, ‘तानपुरा पलीकडे पोहोचत नाही’, ‘विद्यार्थ्याला त्याचेच गाणे परत ऐकू येते’ अशा तक्रारींवर महागडा इंटरफेस सुचवला जातो. बहुतेक वेळा तो खर्च फुकट जातो, आणि शिकवणीवर घर चालवणाऱ्यांना तो परवडणाराही नसतो.

गाणाऱ्याचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये दोन वाटांनी येतो. एक थेट इंटरफेसमधून, म्हणजे ‘डायरेक्ट मॉनिटर’. तिथे जाणवेल इतका उशीर होत नाही. दुसरी संगणकातल्या सॉफ्टवेअरमधून फिरून येते. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे जितके नमुने घेतले जातात तो आकडा) ४८,००० आणि बफर (संगणक एका वेळी जितके नमुने गोळा करून हाताळतो तो आकडा) ५१२ असेल तर आत जाताना सुमारे १०.७ मिलिसेकंद आणि बाहेर येताना तेवढेच, असा निदान २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू राहिल्या की आवाज दुहेरी येतो. म्हणून डायरेक्ट मॉनिटर चालू असेल तर सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे गाताना तिथून आवाज ऐकवणे, बंद करावे. रेकॉर्डिंग तरीही होतेच. गाताना रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) हवाच असेल, तर मॉनिटरिंग चालू ठेवून रिव्हर्बचा ‘ड्राय’, म्हणजे मूळ आवाजाचा भाग, पूर्ण शून्यावर न्यावा. सॉफ्टवेअरमधून फक्त गुंजन येते आणि त्याला झालेला उशीर खटकत नाही.

सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचे असेल तर बफर १२८ किंवा ६४ करावा. आवाजात चटचट येऊ लागली तर संगणकाला तेवढ्या वेळात काम उरकत नाही असे समजून बफर एक पायरी वाढवावा. मिक्सिंगच्या वेळी १०२४ ठेवायला हरकत नाही. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवून इंटरफेस चालवणारा प्रोग्राम) निवडावा. मॅकवर ही यातायात सहसा नसते.

खरा गुंता शिकवणीत होतो. लॅपटॉपवरचा तानपुरा पलीकडे पोहोचावा म्हणून ‘लूपबॅक’ चालू केला जातो. लूपबॅक म्हणजे संगणकातून वाजणारे सगळे पुन्हा इनपुट म्हणून आत घेणे. त्या ‘सगळ्या’त विद्यार्थ्याचा आवाजही असतो, म्हणून तो त्याच्याकडेच परत जातो. महागड्या इंटरफेसच्या मिक्सरमध्ये कॉलचा आवाज आउटपुटांच्या एका जोडीवर आणि तानपुरा दुसऱ्या जोडीवर काढून फक्त दुसरीचा लूपबॅक घेता येतो. दोनच इनपुटांचा साधा इंटरफेस असेल तर लूपबॅक बंद करा. तानपुरा फोनवर लावा आणि त्याची वायर दुसऱ्या इनपुटला द्या. विद्यार्थ्याचा आवाज मग फक्त हेडफोनमध्ये येतो, परत फिरत नाही.

इथे वायर फार जपून निवडावी लागते. फोनचा स्टिरिओ आउटपुट थेट तीन भागांच्या मोठ्या पिनने बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांवरच्या आवाजातला फरक घेणाऱ्या इनपुटला) जोडला तर इंटरफेस डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखाच तानपुरा असेल तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि दोष ॲपला दिला जातो. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिलिमीटरच्या दोन मोनो पिना असलेली वायर घ्यावी. त्यातली एकच पिन लावावी, इनपुट ‘लाइन’वर ठेवावा.

झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करणे आवश्यक आहे. एरवी अखंड वाजणाऱ्या तानपुऱ्याला ते गोंगाट समजून पुसून टाकते. स्टिरिओचा पर्यायही चालू ठेवावा, कारण काही ॲप दोनपैकी पहिलाच इनपुट उचलतात.

राहिला सॅम्पल रेट. ४४,१०० वर केलेले रेकॉर्डिंग ४८,००० समजून वाजवले गेले तर लय सुमारे ९ टक्के वाढते आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) वर सरकतो: काळी एकमधले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी ऐकू येते. इंटरफेसचे कंट्रोल पॅनेल आणि सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट, दोन्हीकडे एकच आकडा आहे ना, हे तानपुरा लावण्याआधी पाहावे.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, पुणे