यंत्र अचूक, म्हणून तपासणी नको?

संपादक महोदय,

‘सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारी यंत्रे) आणि रोबो आले, आता तपासणीला माणूस कशाला?’ असा सूर हल्ली सर्रास ऐकू येतो. मी गुणवत्ता तपासणीचे काम करते आणि मला हे अजिबात पटत नाही. यंत्र प्रोग्रामबरहुकूम चालते, पण कापणाऱ्या टूलची धार झिजते, स्पिंडल (यंत्राचा फिरणारा मुख्य दांडा) तापतो. पोलादाचा १०० मिलिमीटरचा शाफ्ट १० अंशांनी तापला की सुमारे ११ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो. मशीनवरून काढलेला गरम जॉब, म्हणजे घडवलेला नग, लगेच मोजून ‘ओके’ केला, तर थंड झाल्यावर तो लहान भरणारच. मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरवले आहे ते म्हणूनच. रोबो त्याच जागी पुन्हा पुन्हा नेमका पोहोचतो, हे खरे. पण ती जागाच चुकीची शिकवली असेल तर प्रत्येक नग तितकाच चुकतो.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला; काम चालू असताना घेतलेली मापे त्यावर क्रमाने नोंदवत जायची. मापे मर्यादेत असतानाच एका बाजूला सरकू लागली, तर ते त्यावर दिसते आणि नग बाद होण्याआधी ऑफसेट (यंत्रात भरलेली मापाची दुरुस्ती) बदलता येतो. हाच आलेख ऑडिटच्या आदल्या दिवशी एकदम बसून भरलेला मी पाहिला आहे. त्याची मला चीड येते. आलेख पाहून मशीन थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनांनी ऑपरेटरला लेखी द्यावा.

— एक गुणवत्ता निरीक्षक