तुमची खोली

फालमथ, कॉर्नवॉल
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगणार होते. पण फोनवर आई लगेच "जेवलीस का" विचारते, बाबा गप्प होतात आणि मग मला पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहिते आहे. हे दादाला ईमेलने पाठवते, तो मोठ्या अक्षरात छापून दिवाळीला घेऊन येईल. त्याला सगळं माहीत आहे. आधी सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला शपथ घातली होती.

ब्रिस्टलचं घर मी विकलं. ऑगस्टमध्ये व्यवहार पुरा झाला. त्यातून एक शिडाची बोट घेतली आणि तिच्यावरच राहायला आले. गेले पाच आठवडे इथेच झोपते, इथूनच कामावर जाते. नोकरी सोडलेली नाही, फक्त हॉस्पिटल बदललं. आठवड्यात तीन लांब पाळ्या, बाकीचे दिवस माझे.

बाबा, डॉकमधून निवृत्त झालात तेव्हाच्या फंडातून तुम्ही त्या घरासाठी जे दिलं होतंत, ते तुमच्या दोघांच्या नावावर ठेव म्हणून टाकायला दादाला सांगितलं आहे. मी परत करते आहे असं कृपा करून मनात आणू नका. ते परत करण्यासारखं नव्हतंच. त्या घराच्या मागच्या खोलीला मी शेवटपर्यंत "तुमची खोली" म्हणत होते. आईचा चष्म्याचा जुना डबा २०१९ पासून तिथल्या खिडकीत होता, तो घेऊन आले आहे. घर रिकामं करताना ती खोली सगळ्यात शेवटी आवरली आणि तिथेच बसून राहिले. पण त्या घरात मी एकटी सहा वर्षं राहिले आणि का राहिले ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तिथे श्वास घेता येत नव्हता. हप्ता भरायचा म्हणून जादा पाळ्या आणि जादा पाळ्या करायच्या म्हणून बाकी काहीच नाही, असं चाललं होतं. इथे धक्क्याचं वर्षाचं भाडं, विमा, डिझेल सगळं धरूनही त्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी लागतं. हिशेबाचा कागद सोबत जोडते आहे, बाबांनी तपासावा.

आता बोटीबद्दल. बाबा, हे तुमच्यासाठी सविस्तर लिहिते, आईला वाचून दाखवा.

निकोल्सन ३५ म्हणतात तिला. बांधणी १९७४ची, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्टला. कॅम्पर अँड निकोल्सन्स हे तिथलं जुनं नावाजलेलं यार्ड. फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७ मध्ये ज्या जिप्सी मॉथ ४ मधून एकट्याने जगाला वळसा घालून आले, ती याच यार्डात बांधलेली. माझी बोट पस्तीस फुटांच्या किंचित वर, रुंदी साडेदहा फूट, वजन सात टनांच्या आसपास. त्यात जवळजवळ निम्मं वजन खाली, आपल्याकडे ज्याला पठाण म्हणतात त्या तळाच्या कण्याच्या पोटात, फायबरच्या आत बंद केलेलं शिसं आहे. आई, लहानपणी माझ्याकडे ती लोळवली की आपोआप उभी राहणारी बाहुली होती ना, तोच न्याय. वाऱ्याने कलते, पण ते शिसं तिला परत ओढून सरळ करतं. हल्लीच्या बोटी हलक्या आणि वेगाच्या असतात, आतून दिवाणखान्यासारख्या दिसतात. ही तशी नाही. आत जरा काळोखी आहे, लाकूड पुष्कळ आहे आणि पळते ताशी पाच-सहा सागरी मैलांनी. पण खोल समुद्रात दिवसच्या दिवस माणसांना सांभाळायचं म्हणूनच ती बांधलेली आहे, आणि तेव्हाचे लोक फायबरचे थर देताना हात आखडत नसत.

एक्कावन्न वर्षांची बोट का घेतली, हा प्रश्न तुमच्या तोंडात येणारच. मी ती डोळे झाकून घेतलेली नाही. पैसे देण्याआधी सर्व्हेयर लावला. क्रेनने पट्ट्यांत उचलून तिला पाण्याबाहेर टांगली आणि तो माणूस एक लहानशी हातोडी घेऊन नाळेपासून सुकाणूपर्यंत तिला टकटक वाजवत गेला. जिथे फायबर धड आहे तिथे आवाज खणखणीत येतो, आतून थर सुटले असतील तर बद्द. मी बाजूला उभी होते. बाबा, मला तुम्हीच दिसलात. आणि आई दापोलीच्या बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून बघते, तीही. सहा तास तो वाजवत होता, मी एकदाही बसले नाही.

त्याने काय काढलं ते लपवत नाही. पाण्याखालच्या भागावर थोडे फोड होते, जुन्या फायबरमध्ये पाणी मुरून येतात तसे. ते घासून, वाळवून, इपॉक्सी भरून घेतलं. समुद्राचं पाणी आत-बाहेर करणारे कॉक पितळेचे होते. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी होतो आणि बिस्किटासारखा तुटतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. सगळे काढून ब्राँझचे बसवले. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा बाहेरून चकचकीत होत्या, पण बारा वर्षांच्या झालेल्या. त्या टोकाशी आतून तडकतात आणि बाहेर काही दिसत नाही, म्हणून एकूण एक तार बदलून घेतली. इंजिन मूळचं नाही, आधीच्या मालकाने नवं बसवलेलं, कुबोटाच्या इंजिनावरून बनवलेलं. आपल्याकडे कुबोटाचे ट्रॅक्टर आहेत, तेच कुबोटा. दोन खिडक्या गळत होत्या, त्या मी स्वतः काढून परत बसवल्या. तीन दिवस लागले. हात सीलंटने काळे झाले होते आणि मला मे महिन्यातली आपली शाकारणी आठवत होती, तुम्ही वर, मी खालून कौलं देते आहे.

आई, आता तुझ्यासाठी. मी गारठत नाही. डिझेलवर चालणारा हीटर आहे, गरम हवा दोन्ही केबिनमध्ये येते, त्याचा धूर बाहेर जातो. विषारी वायूचा इशारा देणारी दोन यंत्रं आहेत, एक डोक्याशी. गॅसची टाकी आत नाही, बाहेर बंद कप्प्यात आहे, आणि त्या कप्प्याला खाली भोक आहे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. त्या भोकातून तो थेट समुद्रावर जातो. रात्री झोपताना मी रेग्युलेटर बंद करते, तुझ्यासारखीच दोनदा बघते. शेगडी झोक्यासारखी टांगलेली आहे, बोट कलली तरी ती सपाट राहते, दूध उतू जात नाही. आणि कुकर! इथले जुने खलाशीसुद्धा सांगतात की बोटीवर कुकरइतकं चांगलं भांडं नाही, झाकण घट्ट बसतं, सांडण्याची भीती नाही. तू दिलेला तीन लिटरचा बरोब्बर बसला. काल भात, कुळथाचं पिठलं आणि तळलेला बांगडा केला. बांगडा इथे मुबलक मिळतो. आगळ संपत आलंय, दादा येईल तेव्हा त्याच्याकडे दे, तो पाठवेल.

पिण्याचं पाणी अडीचशे लिटर मावतं, आणि धक्क्यावर नळ आहेच. वीजही धक्क्यावरून येते. आंघोळीला समोरच्या इमारतीत गरम पाणी. ओल येते, ते खरं आहे. आपल्या श्रावणातल्या कपाटासारखा वास सुरुवातीला येत होता, म्हणून गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घातली आणि ओल शोषणारं यंत्र घेतलं. आता नाही येत.

एकटी नाही मी. शेजारच्या बोटीवर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सकाळी माझा पडदा उघडलेला दिसला नाही तर त्या टकटक करतात.

हे सगळं लिहिलं, पण तुम्हाला दोघांना पहिलं काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. मलाही रोज आठवतं. नारळी पौर्णिमेला आई अजून समुद्राकडे पाठ करून उभी राहते, ते मी पाचवीत असल्यापासून बघते आहे आणि कधी विचारलं नाही. पण अण्णांकडे यातलं काहीच नव्हतं, आई. वारा फिरणार आहे हे त्या दिवशी त्यांना सांगायला कुणी नव्हतं. मला ते काही दिवस आधी दिसतं, आणि दिसलं की मी धक्का सोडत नाही. माझ्याकडे आपोआप फुगणारा तराफा आहे. एक यंत्र आहे, ते चालू केलं की उपग्रहावरून तटरक्षकांना माझी जागा कळते. त्याच्या नोंदणीत दादाचा नंबर दिला आहे. डेकवर मी पट्ट्याने बांधलेली असते. परीक्षा देऊन परवाने घेतले, तीन उन्हाळे दुसऱ्यांच्या बोटींवर काम केलं. तुम्हाला मी "मैत्रिणींबरोबर फिरायला गेले" म्हणत होते, त्याबद्दल माफ करा.

आणि हा हिवाळा मी कुठेही जाणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात सिली बेटं, इथून साठेक सागरी मैल, आणि जमलं तर फ्रान्सचा ब्रिटनी किनारा. बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनला जायचं मनात आहे, पण ते आणखी दोन वर्षांनी आणि अनुभवी माणसं बरोबर असली तरच. एकटी खोल समुद्रात जाणार नाही. हा शब्द देते.

बाबा, तुम्ही २०१० मध्ये नौदलाचे कमांडर दोंदे म्हादेई या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला वळसा घालून मुंबईला परतले तेव्हा पेपरातलं कात्रण मला टपालाने पाठवलं होतंत. समासात तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, "बोट गोव्यात बांधली." ते अजून माझ्याकडे आहे. त्यात भर घाला. जगात पहिल्यांदा जो माणूस एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आला, त्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सुहेली मुंबईत बांधलेली, सागवानाची, बत्तीस फुटांची. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला ती याच बंदरात परतली. मी रोज कामावरून आले की तेच पाणी बघते. तुम्ही डॉकमध्ये लागलात तेव्हा ज्यांनी तिला रंधा मारला ती माणसं मुंबईतच असतील, हे इथे कुणाला सांगितलं की ऐकणारा थांबतो.

बोटीच्या मागची पाटी मी खरवडून ठेवली आहे, नवं नाव अजून दिलेलं नाही. अण्णांच्या होडीचं द्यावं असं वाटतं. पण आधी तुम्हाला विचारते. आईने नको म्हटलं तर नाही, आणि पुन्हा कधी काढणार नाही.

आता माझं ऐका. बाबांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्येच करून घ्यायचं, "थंडी संपू दे" नको. दादाने तारीख घेतली आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी, चहाच्या आधी, आणि कौलांवर चढायचं नाही. माणूस बोलवा, पैसे मी देते. आईने विहिरीवरून कळशी आणायची नाही, पंप बिघडला असेल तर शेजारच्या पिंट्याला हाक मार. न्हाणीघरात दांडा बसवायचं तीन महिने ऐकते आहे, दादा येतोय तेवढ्यात बसवून घ्या, मला फोटो हवा. रविवारी तुमच्या दुपारी तीनला मी व्हिडिओ कॉल करेन आणि बोट दाखवेन. फोन भिंतीला टेकवून ठेवा, हातात धरू नका, मला नुसतं छप्पर दिसतं.

आणि जूनमध्ये या. तिकिटं मी काढते. इथला धक्का तरंगता आहे, उधाणाला पाणी साडेचार मीटर चढलं तरी तो बोटीबरोबरच वर येतो, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना उंच पाऊल टाकावं लागणार नाही. आत उतरायला चार पायऱ्या आहेत, धरायला दोन्ही बाजूंना दांडे. रात्री झोपायला मी समोरच खोली घेऊन ठेवेन. दुपारी मात्र इथे पडायचं. बोटीच्या पुढच्या टोकाची केबिन मी वापरत नाही, मी मधल्या बाकावर झोपते. तिच्या वर काचेचं झाकण आहे, आभाळ दिसतं, आणि पाण्याचा आवाज कानाशी येतो. चष्म्याचा डबा तिथल्या फळीवर ठेवला आहे.

आई, तिथली गादी त्रिकोणी आहे, बाजारातली कुठलीच चादर बसत नाही. तुझ्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवशील? मापं देते. लांबी सहा फूट दोन इंच. डोक्याकडे रुंदी साडेपाच फूट, पायाकडे दीड फूट, दोन्ही कडा सारख्या निमुळत्या. कडेला एक वीत जास्त ठेव, खाली खोचायला. घाई नाही, मार्चपर्यंत चालेल. रात्री दिव्याखाली शिवू नकोस.

तुमची,
बेबी