आरोग्यमंत्री महोदय, २६ नोव्हेंबरच्या आधी एक फोन करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी आणि माझे वडील तेव्हाच्या सीएसटीत, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये सामानावर बसून गाडीची वाट पाहत होतो. साडेनऊच्या सुमारास आवाज सुरू झाला. आम्हाला आधी फटाकेच वाटले. दोन बंदूकधाऱ्यांनी त्या स्थानकात ५८ माणसं मारली, शंभरच्या आसपास जखमी केली. वडिलांच्या पोटरीत ग्रेनेडचे तुकडे घुसले. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्यांचा जीव वाचला. त्या रात्री तिथे राबलेल्या डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय यांचे उपकार आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

पोटरीची जखम तीन महिन्यांत भरली. एक तुकडा काढता आला नाही, तो थंडीत ठणकतो. हॉटेलात गेलो की वडील अजूनही भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की त्यांचं जेवण तुटतं, कडी लावली का बघायला रात्री तीन-तीनदा उठतात. त्या तारखेचा उच्चार ते करत नाहीत. टीव्हीवर मात्र तोच फोटो येतो, पाठीवर पिशवी आणि हातात रायफल. वडील उठून गॅलरीत जातात.

मोठ्या आघाताचा दिवस जवळ आला की जुनी लक्षणं पुन्हा उसळतात, हे मानसोपचाराला ठाऊक असलेलं आहे. तरीही एका सरकारी ओपीडीत त्यांना नेलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "आजोबा, इतक्या वर्षांनी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. वडील पुन्हा तिथे गेले नाहीत.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मी तो फ्रिजवर चिकटवला आहे. वडील तो लावणार नाहीत. "ज्यांची माणसं गेली त्यांना विचारा, मी तर जिवंत आहे," म्हणतात. वाचलेल्या माणसाला हीच अडचण पडते. जीव वाचला, आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

म्हणून माझी मागणी अशी की फोन तुमच्याकडून यावा.

हे मी अनुभवाने सांगते. वॉर्डात वडिलांच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. गावी परतल्यावर ते दर २७ नोव्हेंबरला फोन करायचे. हल्ल्याचा विषयच निघायचा नाही. पाऊस, नातवंडं, गुडघे. त्या फोननंतर वडील पोटभर जेवायचे. करोनाच्या काळात तो फोन थांबला.

जखमींची नावं रुग्णालयांच्या नोंदींत आणि नुकसानभरपाईच्या फायलींत आहेतच. त्यावरून एक यादी करा. बरेच जण परप्रांतातले प्रवासी होते, त्यांना त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस द्या. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षित समुपदेशकाने फोन करावा, जमल्यास दर वेळी त्याच व्यक्तीने. झोप कशी आहे, अंगात राहिलेल्या तुकड्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला, हे विचारावं. तेव्हा लहान असलेली मुलं आता कमावती झाली असतील, त्यांचीही चौकशी व्हावी. आणि स्थानकावर मॉक ड्रिल असेल तेव्हा निदान या माणसांना आदल्या दिवशी कळवा.

नॉर्वेत उटोया बेटावर २२ जुलै २०११ रोजी ६९ जण एका बंदूकधाऱ्याच्या हल्ल्यात मारले गेले. तिथली कॅफेची इमारत जपून तिच्याभोवती एक वास्तू उभी केली आहे. आत ६९ खांब आहेत, बाहेर ४९५. बाहेरचे खांब त्या दिवशी वाचलेल्यांचे. आपल्याकडे १६६ हा मृतांचा आकडा दर वर्षी छापून येतो, आणि यायलाच हवा. जखमींचा उल्लेख मात्र "तीनशेहून अधिक" असाच येतो. त्या "अधिक"मध्ये माझे वडील आहेत.

त्यांचा मोबाइल क्रमांक आपल्या कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवला आहे. दुपारी ते झोपतात. चारनंतर फोन केलात तर उचलतील.

आपली विश्वासू,
त्या रात्रीची एक प्रवासी